रोजच्या हिशेबातले दशांश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात वर्तकनगरला मी संध्याकाळी मोठ्या माणसांना हिशेब शिकवते. भाजीवाल्या येतात, पोळ्या लाटून देणाऱ्या ताई येतात, निवृत्त आजोबा येतात, आणि त्यांचं बोट धरून पाचवी-सहावीतली नातवंडंही येतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले भाव 'समजा' म्हणून धरलेले आहेत. खरा आकडा दिला आहे तिथे तसं सांगितलं आहे.

दशांश म्हटलं की शाळेपासून धडकी भरते. मला जमेल का?

तुम्हाला ते आत्ताही येतं. 'सव्वाशे' म्हणजे किती? १२५, हे सांगताना तुम्ही क्षणभरही थांबत नाही. पण तो १.२५ × १०० असा दशांशाचा गुणाकार आहे. दीड हजार, पावणेदोनशे, अडीच लाख हेही सगळे तसलेच गुणाकार, आणि मराठी माणूस ते बोलता बोलता करून मोकळा होतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने तर त्यांचे पाढे पाठ केले होते. पाव म्हणजे ०.२५, त्याची पावकी. अर्ध्याची निमकी, पाऊणची पाऊणकी, सव्वाची सवायकी, दीडची दिडकी, अडीचची अडीचकी आणि साडेतीनची औटकी.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी पाटीवर टिंब नसतंच. आधी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड तोंडाने म्हणायचं. मग ०.२५, ०.५०, ०.७५, १.२५, १.५० असं त्याच्याच शेजारी लिहायचं. टिंबाची भीती निम्मी तिथेच जाते.

'बारा पॉइंट पंचवीस' म्हणणं चूक आहे का?

व्यवहारात सगळे तसंच म्हणतात, कामही अडत नाही. पण मुलांसमोर तरी 'बारा पॉइंट दोन पाच' म्हणा. 'पॉइंट पंचवीस' आणि 'पॉइंट तीन' ऐकलं की मुलाला वाटतं, पंचवीस मोठे. प्रत्यक्षात ०.३ मोठा आहे. टिंबानंतरचं पहिलं घर दशांशाचं, दुसरं शतांशाचं, तिसरं सहस्रांशाचं. ०.३ म्हणजे दहातले तीन भाग, ०.२५ म्हणजे शंभरातले पंचवीस.

०.५, ०.४५ आणि ०.१२५ यांतलं मोठं कुठलं, ते चटकन कसं ओळखू?

मागे शून्यं लावून सगळ्यांची घरं सारखी करा : ०.५००, ०.४५०, ०.१२५. आता त्यांच्यामागे 'किलो' म्हणा. पाचशे ग्रॅम, साडेचारशे ग्रॅम, सव्वाशे ग्रॅम. उत्तर समोर आलं.

काट्यावर ०.३८५ दिसतं आणि भाजीवाला लगेच रक्कम सांगतो. ती बरोबर आहे का, हे उभ्या उभ्या कसं तपासायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि याचं उत्तर द्यायला मला फार आवडतं.

जांभळी नाक्यावर भेंडी घेताय असं धरा. भाव ८० रुपये किलो. काट्यावर लाल आकडे ०.३८५, म्हणजे ३८५ ग्रॅम. आता एक गोष्ट लक्षात ठेवा : किलोचा भाव जितके रुपये, तितकेच पैसे दहा ग्रॅमला. ८० रुपये किलो म्हणजे दहा ग्रॅमला ८० पैसे आणि शंभर ग्रॅमला ८ रुपये. हा नियम कुठल्याही भावाला चालतो, कारण किलो म्हणजे दहा ग्रॅमचे शंभर वाटे आणि रुपया म्हणजे शंभर पैसे. दोन्हीकडे शंभरच.

३८५ ला जवळचं, तोंडात बसलेलं माप कुठलं? पावणेचारशे, म्हणजे ३७५. चारशे ग्रॅमचे ३२ रुपये, त्यातून पंचवीस ग्रॅमचे २ गेले, उरले ३०. वरचे दहा ग्रॅम, त्यांचे ८० पैसे. एकूण ३० रुपये ८० पैसे. भाजीवाल्याने ३१ म्हटलं तर हिशेब ठीक आहे. ३८ म्हटलं तर थांबून विचारा.

कागदावर करायचं तर टिंब विसरून ३८५ × ८० करा, ३०८०० आले. आता वजनात टिंबानंतर किती घरं होती? तीन. उत्तरातही उजवीकडून तीन घरं मोजून टिंब द्या : ३०.८००.

एवढं सगळं करण्याआधी काटा रिकामा असताना शून्य दाखवतोय ना, तेवढं पाहून घ्या. टोपली किंवा भांडं ठेवलं असेल तर त्याचं वजन आधी वजा केलेलं हवं. ते राहिलं तर तुमचा गुणाकार कितीही अचूक असो, पैसे जास्तच जाणार.

फोनवरून पैसे देताना ३०.८ टाकायचं की ३०.८०? आणि ३०.०८ म्हणजे?

३०.८ आणि ३०.८० एकच : तीस रुपये ऐंशी पैसे. ३०.०८ म्हणजे तीस रुपये आठ पैसे. टिंब आणि आठ यांच्यामध्ये शून्य घुसलं की ऐंशी पैशांचे आठ होतात. काट्यावरही तेच. १.८ म्हणजे एक किलो आठशे ग्रॅम, तर १.०८ म्हणजे एक किलो ऐंशी ग्रॅम. सातशे वीस ग्रॅमचा फरक!

टिंबच राहून गेलं तर काय होतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. घाईत ३०.८० ऐवजी ३०८० टाकलं आणि पिशवी उचलून चालू पडले. मागून त्या छोट्या खोक्याने खणखणीत आवाजात 'तीन हजार ऐंशी रुपये' म्हटलं. भाजीवाल्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाची मेथी तशीच हातात धरून 'ताई, थांबा, थांबा' अशी हाक मारली आणि तिथल्या तिथे पैसे परत पाठवले. तेव्हापासून शेवटचं बटण दाबायच्या आधी मी रक्कम ओठांनी म्हणते : 'तीस रुपये ऐंशी पैसे'. तुम्हीही म्हणा. डोळा टिंब चुकवतो, पण बोललेला शब्द खटकतो.

टिंबानंतर शेवटी येणाऱ्या शून्याला किंमत नसते ना?

किंमत बदलत नाही. २.५, २.५० आणि २.५०० सारखेच. पण औषधाच्या बाबतीत एवढ्यावर थांबू नका. डोस लिहिताना दोन गोष्टी पाळायच्या असतात. अर्धा मिलिलिटर नुसता '.५' असा न लिहिता '०.५' असा लिहायचा, म्हणजे टिंब पुसट झालं तरी पुढचं शून्य सावध करतं. आणि पाच मिलिलिटर असेल तर '५.०' न लिहिता नुसतं '५' लिहायचं, नाहीतर कुणीतरी ते पन्नास वाचतं. दोन्ही चुकांत डोस दहापट होतो.

लहान मुलाचं पातळ औषध चमच्याने अंदाजे देऊ नका. बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या टोपणावर किंवा पिचकारीवर २.५ ची रेघ असते, ती डोळ्यांच्या उंचीवर धरून पाहा. चिठ्ठीवरचं टिंब नीट दिसत नसेल तर 'अडीच ना?' असं डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला तोंडी विचारा. 'अडीच' आणि 'पंचवीस' हे शब्द कानाला कधीच सारखे लागत नाहीत.

बेरीज-वजाबाकीला वेगळा नियम आहे का?

टिंबाखाली टिंब मांडा, बाकी नेहमीसारखं. २ किलोतून ०.३५ किलो काढायचं तर २ ला २.०० लिहा, उत्तर १.६५. हातच्याचे नियम तेच.

गुणाकार केला तर संख्या वाढायला हवी. ०.५ × ०.५ चं उत्तर ०.२५ कसं? आणि ३ ला ०.२५ ने भागलं तर १२ कसे?

'०.५ × ०.५' मराठीत वाचा : अर्ध्याचा अर्धा. अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव! एका पेक्षा कमी भाग घेतला की मूळ संख्येहून कमीच मिळणार.

भागाकाराला पुड्या डोळ्यांसमोर आणा. तीन किलो चहाच्या पाव-पाव किलोच्या पुड्या बांधायच्या आहेत. एका किलोच्या चार, तीन किलोच्या बारा. ३ ÷ ०.२५ = १२. वाढली ती पुड्यांची संख्या, चहा तेवढाच आहे.

भाजकात टिंब असेल तर दोन्ही संख्यांना दहाने किंवा शंभराने गुणून ते आधी काढून टाका. समजा पेट्रोल १०३.५० रुपये लिटर आहे आणि तुम्ही ५०० चं भरलंत. ५०० ÷ १०३.५ ऐवजी ५००० ÷ १०३५ करा. उत्तर साधारण ४.८३ लिटर. पंपावरच्या आकड्याशी ताडून पाहा.

पगाराच्या चिठ्ठीवर १.४५ तास लिहिलं आहे. ते किती?

इथे खूप काळजी घ्या. घड्याळाचं टिंब हे दशांशाचं टिंब नाही. तास साठ मिनिटांचा असतो, शंभराचा नाही. एक तास पंचेचाळीस मिनिटं म्हणजे पावणेदोन तास, आणि पावणेदोन म्हणजे १.७५.

रबाळ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या एक ताई ओव्हरटाइमचा कागद घेऊन आल्या होत्या. त्या चार दिवस रोज पावणेदोन तास जास्त थांबल्या होत्या. कागदावर १.४५ चार वेळा लिहून खाली बेरीज मारली होती, ५.८०. त्याला तासाच्या १२० रुपयांनी गुणून ६९६ रुपये. ताईंना काहीतरी कमी वाटत होतं, पण काय कमी आहे ते सांगता येत नव्हतं. आम्ही बोटांवर मोजलं. पावणेदोन आणि पावणेदोन साडेतीन, साडेतीन दुणे सात. सात तास! सात गुणिले १२० म्हणजे ८४० रुपये. १४४ रुपये टिंबात अडकले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच हिशेब ऑफिसात मांडून दाखवला आणि फरक मिळवला. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. कॅल्क्युलेटरला घड्याळ कळत नाही, एवढंच. पण नुकसान तर झालंच असतं, आणि दर महिन्याला होत राहिलं असतं.

मिनिटांचे दशांश करायला मिनिटांना ६० ने भागा. १५ मिनिटं ०.२५, ३० मिनिटं ०.५, ४५ मिनिटं ०.७५. सहा मिनिटांचा एक दशांश, हे पाठ केलं तरी पुष्कळ काम होतं.

आपण 'औट घटकेचं राज्य' म्हणतो ना, त्यातही हेच गणित आहे. घटका २४ मिनिटांची, औट म्हणजे साडेतीन. ३.५ × २४ = ८४ मिनिटं. घड्याळात ते १ तास २४ मिनिटं, पण दशांशात १.४ तास.

टिंब दिसतं पण दशांश नाही, असं आणखी कुठे होतं?

क्रिकेटच्या षटकांत आणि फूट-इंचांत.

षटक सहा चेंडूंचं. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तो सामना घ्या. आपल्या ५० षटकांत २९८ धावा. दक्षिण आफ्रिका ४५.३ षटकांत २४६ वर सर्वबाद. ४५.३ म्हणजे पंचेचाळीस षटकं आणि तीन चेंडू, म्हणजे साडेपंचेचाळीस. २४६ ला ४५.५ ने भागलं की षटकामागे ५.४१ धावा येतात, ४५.३ ने भागलं तर ५.४३ असं चुकीचं उत्तर येतं. (स्पर्धेच्या गुणतक्त्यातला नेट रनरेट काढताना सर्वबाद झालेल्या संघाची पूर्ण ५० षटकं धरतात, तो वेगळा नियम.) माझ्या वर्गातल्या मुली हा हिशेब दहा वेळा करायलाही तयार असतात.

फूट-इंचांत बारांचा घोळ. १० फूट ६ इंच म्हणजे १०.५ फूट, १०.६ नाही. आणि १० फूट १० इंच कुणी '१०.१०' असं लिहिलं तर कॅल्क्युलेटर ते १०.१ समजतो. खरं माप १०.८३ फूट आहे. लाद्या, पडदे, स्वयंपाकघराचा ओटा, कशाचंही माप देताना इंचांना आधी १२ ने भागा, किंवा सरळ सगळं माप इंचांत द्या.

रिक्षाच्या भाड्यात १७.१४ असला विचित्र आकडा का? आणि पूर्ण रुपया कधी करायचा?

मुंबई महानगर प्रदेशात, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईतही, १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचा दर किलोमीटरला १७.१४ रुपये झाला, आणि पहिल्या दीड किलोमीटरचं किमान भाडं २६. आता १७.१४ ची दिडकी करा : १७.१४ आणि त्याचे निम्मे ८.५७, एकूण २५.७१. पूर्ण रुपयात २६. किमान भाडं असं जुळतं.

४.२ किलोमीटरचे १७.१४ × ४.२ = ७१.९८८, म्हणजे ७२ रुपये. अर्धा रुपया किंवा जास्त असेल तर वरचा रुपया, कमी असेल तर खालचा. पण हे काम सगळ्यात शेवटी करायचं. आधीच १७.१४ चे १७ केले तर साडेबारा किलोमीटरला २१२.५० येतात, खरे २१४.२५ आहेत. तोंडी अंदाजाला १७ चालतील, पैसे देताना नाही.

पंख्याचे वॉट आणि बिलातली युनिटं यांचा मेळ कसा घालायचा?

एक हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. म्हणून वॉटला हजाराने भागा, म्हणजे टिंब तीन घरं डावीकडे. ७५ वॉटचा पंखा ०.०७५. रात्री आठ तास चालला तर ०.६ युनिट, तीस रात्रींत १८. तेवढ्याच वेळासाठी २८ वॉटचा नवा पंखा ०.०२८ × ८ × ३० = ६.७२ युनिटं घेतो. पंखा बदलायचा की नाही, हे ठरवायला हा आकडा उपयोगी पडतो.

सोन्यावर ९१६ लिहिलेलं असतं. ते काय?

हजारातले ९१६ भाग सोनं, म्हणजे ०.९१६. बावीस कॅरेट म्हणजे चोवीसातले बावीस, २२ ÷ २४ = ०.९१६६… तिथून तो आकडा आला. अठरा कॅरेटला ७५०, म्हणजे पाऊण. सराफाच्या काट्यावर ८.३५० ग्रॅम आलं तर त्यात शुद्ध सोनं ८.३५ × ०.९१६, साधारण ७.६५ ग्रॅम. भाव दहा ग्रॅमचा लावलेला असतो, तो ग्रॅमवर आणायला टिंब एक घर डावीकडे सरकवा. आणि घरातले जुने लोक 'तोळा' म्हणतात तो ११.६६ ग्रॅमचा. जुनी चिठ्ठी आणि नवी पावती जुळत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

फ्लॅटच्या करारात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आहे. फुटांत कसं करू?

१०.७६४ ने गुणा. ४२.३५ चौरस मीटर म्हणजे ४५५.८६ चौरस फूट. तोंडी अंदाजाला दहापट करून त्यात पाऊणपट मिळवा : ४२३ अधिक ३२, ४५५.

ताप फॅरनहाइटमध्ये आहे, डॉक्टर सेल्सिअसमध्ये विचारतात.

३२ वजा करा, १.८ ने भागा. ९८.६ चे बरोबर ३७ येतात. १०१.३ चे ३८.५.

आजोबा अजून आण्यात बोलतात. त्यांना दशांश कसे समजावू?

त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतं, त्यांनाच विचारा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. हा हिशेब त्यांनी तोंडी केला आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले आणि दशांश नाण्यांत उतरले. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० पैसे चोख जुळले, पण एका आण्याचे सव्वासहा, ६.२५! सुट्या पैशांचा तो सव्वा त्या काळात दुकानोदुकानी नडला असणार. 'बारा आणे म्हणजे ०.७५' एवढं आजोबांना सांगा, पुढचं तेच नातवाला शिकवतील. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून बाद झाली, ५० पैशांचं नाणं मात्र अजून कायदेशीर आहे.

ठाण्याच्या मुलांसाठी एक उदाहरण : १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, ती २१ मैल. मैलाचे १.६०९ किलोमीटर. २१ × १.६०९ = ३३.७८९, म्हणूनच पुस्तकात ३४ किलोमीटर लिहिलेलं असतं.

मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना हे शिकायचं कशाला?

कॅल्क्युलेटर वापराच. पण बटण दाबायच्या आधी अंदाज काढा. अंदाज ३० चा होता आणि पडद्यावर ३०८ आले, तर टिंब चुकलंय हे तुम्हालाच कळायला हवं. यंत्र ते सांगणार नाही.

सात मैत्रिणी तलावपाळीवर गेलो, हॉटेलचं बिल बरोबर हजार. सातने भागलं तर संपतच नाही.

संपणारही नाही. १४२.८५७१४२८५७… यातले १४२८५७ हे सहा आकडे त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येत राहतात. पैशांत एवढं खोल जायची गरज नाही. सहा जणींनी १४३ द्या, ८५८ झाले. जिने रिक्षाचे सुटे दिले होते, तिने १४२ द्यावेत.